एक कोयता, एकेचाळीस ठिपके

ऊसतोड कामगार भागवत यांचा मृत्यू या वर्षी जानेवारीत झाला. श्रीरामपूरच्या जवळ एका शेतात सकाळी ऊस भरताना ते ट्रॉलीवरून पडले. त्याआधी तीन महिने, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, नगरजवळ नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये त्यांच्या शरीराच्या हालचाली दोन दिवस नोंदवण्यात आल्या होत्या. नोंद एका व्हिडिओ गेमसाठी होती. डोळ्यांवर हेडसेट चढवून खेळायचा हा गेम उसाच्या फडात घडतो. खेळणाऱ्याच्या आजूबाजूला माणसं ऊस तोडत असतात, आणि उसात बिबट्या असतो.

सप्टेंबरमध्ये मी तीन दिवस त्या जिल्ह्यात होते. लहान शहरांतले गेम स्टुडिओ हा माझ्या लेखाचा विषय होता. भागवत यांच्याबद्दल मला त्यांच्या मुकादमाने फोनवर सांगितलं. या मजकुरात माणसांची नावं बदलली आहेत. स्टुडिओचं नाव दिलेलं नाही.

पहिला दिवस : पाथर्डी तालुका

एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण वाहक ‘नगर, नगर’ असंच ओरडतो. नगर सोडून पूर्वेला निघालं की ऊस दिसेनासा होतो. बाजरी कापणीला आली होती. मधे तूर, कपाशी, आणि मग नुसता माळ.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे कारखान्याचा भोंगा झाला की या भागातल्या टोळ्या येतात. लहानपणापासून मी ही माणसं पाहिली ती शेताच्या कडेला, पाचटाच्या झोपड्यांत, ज्यांना कोप्या म्हणतात. त्यांना गाव असणार हे माहीत होतं, पण गाव कधी पाहिलं नव्हतं. भागवत यांच्या वाडीतली घरं पक्की आहेत. दारं लोखंडी, कड्या जाड. वर्षाचे पाच-सहा महिने घराला कुलूप असतं, त्यामुळे दारावर खर्च जास्त करतात.

मुकादम नवनाथ पाथर्डीच्या स्टँडवर जीप घेऊन आला होता. टोळी जमवून ती कारखान्यावर नेणं हे त्याचं काम. वय चाळिशीचं, बोलणं मोठ्याने.

“कोल्हापूरच्या का तुमी? तुमच्याकडं लई तिखट खात्यात म्हनं.”

“खातात.”

“बघूच आज.”

भागवत यांच्या पत्नी अलकाबाईंनी शेंगोळे केले होते. हुलग्याच्या पिठाच्या वळून केलेल्या कड्या लसणाच्या रश्श्यात शिजवतात, वर बाजरीची भाकरी. दुसऱ्या घासाला मला ठसका लागला तो पाणी पिऊनही थांबेना.

“लिवा आता पेपरात,” नवनाथ म्हणाला. “कोल्हापूर पडलं म्हनावं.”

“गप बसा मुकादम,” अलकाबाई म्हणाल्या. “ताई, गुळाचा खडा घ्या तोंडात.”

अलकाबाई पस्तिशीच्या आहेत. पाच वर्षांची मुलगी परी आणि सासू एवढं घरात. यंदाच्या हंगामाला त्या भावाबरोबर जाणार होत्या. नवऱ्याचे दोन फोटो घरात आहेत, एक आधार कार्डावरचा आणि एक लग्नातला. हलतं चित्र एकही नाही. जे होतं ते भागवत यांच्या मोबाईलमध्ये होतं, आणि पडले तेव्हा मोबाईल त्यांच्या खिशात होता.

“फोटूत मानूस हुभाच ऱ्हातो,” अलकाबाई म्हणाल्या. “ही इचारती, पप्पा चालायचे कसे? मी चालून दाखिवते. ही हसती. म्हनती, तसं न्हाई, ते तर तू चालती.”

उन्हाळ्यात नवनाथ काही कामानिमित्त स्टुडिओत गेला होता. तिथे त्याला गेमचा एक तुकडा दाखवण्यात आला. त्याने वाडीत येऊन सांगितलं, की भागवत त्यात आहे, चालतो, ऊस तोडतो. तेव्हापासून अलकाबाईंचं एकच मागणं होतं. एकदा बघायचं, आणि जमलं तर मुलीला दाखवायला घेऊन यायचं. घाई होती ती वेगळ्या कारणाने. स्टुडिओ महिनाअखेर सगळं काम परदेशातल्या खरेदीदाराच्या हवाली करणार होता. नवनाथने खटपट करून तिसऱ्या दिवसाची वेळ घेतली होती.

नोंदणीसाठी भागवतच का, हे मी त्याला विचारलं.

“त्यांचा फोन आला, म्हनले एक कोयता पाठवा. म्या पाठवला. ही दोघं माझ्या टोळीतली एक नंबर जोडी.”

टोळीत कोयता म्हणजे जोडी. नवरा तोडतो, बायको मागून मोळ्या बांधते, दोघं मिळून एक कोयता. हंगामाआधी मिळणारी उचल त्याच हिशेबाने, हजेरीही त्याच हिशेबाने. स्टुडिओतल्या मुलांनी ‘कोयता’ हा शब्द बातम्यांत वाचला होता. कामगाराला कोयता म्हणतात, असा त्यांचा समज झाला. त्यांना एक माणूस हवा होता.

“आमी दोघं जीपमधून उतरलो,” अलकाबाई म्हणाल्या, “तर म्हनले, बाईंना कशाला आनलं? म्हनलं, एक कोयता मागितला ना तुमी?”

दुसरा दिवस : नागापूर

नवनाथने जीपमधून अलकाबाईंना आणि मला नोंदणीच्या शेडवर नेलं. शेड एका बंद पडलेल्या वर्कशॉपचं आहे. शेजारी पत्रा कापण्याचं काम चालतं आणि बोलणं ऐकू येत नाही. स्टुडिओने ते नोंदणीपुरतं भाड्याने घेतलं होतं. छताला लावलेले कॅमेरे काढून नेले आहेत. फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीचा मोठा चौकोन अजून आहे. किल्ली घेऊन ओंकार आला होता. सत्तावीस वर्षांचा, सावेडीत वाढलेला, पुण्याला शिकलेला. नोंदी स्वच्छ करून त्या गेममधल्या माणसांना चढवणं हे त्याचं काम. भागवत यांना तो प्रत्यक्ष कधी भेटला नव्हता. नोंदणी दुसऱ्या लोकांनी केली होती.

अलकाबाईंनी चौकोनात पाऊल ठेवलं नाही. कडेने चालत त्यांनी सगळं दाखवलं. इथे प्लास्टिकचे पाइप उभे केले होते, ऊस म्हणून. भागवत यांना काळा घट्ट पोशाख घालायला दिला. त्यावर जागोजागी पांढऱ्या गोळ्या.

“मखराला लावत्यात तसल्या,” अलकाबाई म्हणाल्या. “मी लई हसले. म्हनलं, गनपती बसला. ते लाजले.”

कोयताही प्लास्टिकचा दिला होता. भागवत यांनी दोन घाव घातले आणि तो खाली ठेवला. याला वजन नाही, हात उडतो, असं म्हणून त्यांनी जीपमधून स्वतःचा कोयता आणला. मुलांनी त्यालाही एक गोळी चिकटवली. दुपारनंतर पाइप काढून खरा ऊस आणावा लागला, कारण पाइप तुटत नव्हते आणि भागवत यांना ते मारत राहणं पटत नव्हतं.

“आणि तुम्ही कुठे होता?” मी विचारलं.

अलकाबाई चौकोनाच्या डाव्या बाजूला, पट्टीपासून दोन-तीन हातांवर जाऊन उभ्या राहिल्या. “हितं. आत येऊ नका म्हनले. दोन दीस हितंच.”

“बसायला खुर्ची नव्हती का?” ओंकारने विचारलं.

“हुती. पर ते तोडत असताना बसायचं कसं?”

परत निघताना जीपचं चाक पंक्चर झालं. अर्धा तास आम्ही रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीवर होतो. ओंकार पुढच्या काळाबद्दल बोलला. हेडसेट लवकरच चष्म्याएवढा होईल. हातमोजे येत आहेत, त्यातून कोयत्याचं वजन कळेल. ऊन लागल्याचं अंगाला कळेल, पाचट टोचल्याचंही. बाहेरच्या देशांतल्या माणसांना खऱ्यासारखं नको आहे, खरं हवं आहे, म्हणून तर ही नोंदणी. पण तेही फार दिवस चालणार नाही. पुरेशा माणसांच्या नोंदी जमल्या की पुढचा माणूस मशीन स्वतः तयार करील. मग कोणाला बोलावण्याची गरज पडणार नाही.

“आन ऊस?” नवनाथने विचारलं.

“ऊस हार्वेस्टर तोडेल ना. आत्ताच आलेत की.”

“म्हंजे तोडायचं काम मशीनला, तोडनारा बी मशीनचा. मग आमी काय करायचं? गेम खेळायचा?”

ओंकार हसला. नवनाथ हसला नाही. त्याने चहाचे पैसे दिले आणि चाक बघायला गेला.

तिसरा दिवस : सावेडी

सावेडीत स्टुडिओ एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली स्कूटरांची रांग, शेजारी शिकवणीचा वर्ग. दाराशी स्टीलचा डबा आहे आणि आत जाताना प्रत्येकाला त्यात मोबाईल टाकावा लागतो. खरेदीदाराच्या करारातलं ते कलम आहे. खोलीत कॅमेरे आहेत, तेही त्याच करारातले. नवनाथने दोन मोबाईल टाकले.

आधी मी खेळून पाहिलं. हेडसेट चढवताच चहूबाजूंनी ऊस उभा राहिला, डोक्याच्या वर हातभर. पानं हलत होती. लांब कुठेतरी कोयत्यांचे आवाज येत होते. मग ते एकदम थांबले आणि उजवीकडची पानं हलली. मी मागे सरले ती कपाटावर आदळले. कोपराला लागलं. बिबट्या मला दिसलाच नाही. ओंकार म्हणाला, बहुतेकांना पहिल्या खेपेला दिसत नाही, तसंच ते केलं आहे.

अलकाबाईंच्या अंबाड्यावर हेडसेटचा पट्टा बसेना. त्यांनी भिंतीकडे तोंड करून अंबाडा सोडला, वेणी पाठीवर टाकली आणि पदर खांद्यावर घट्ट घेतला. ओंकारने बिबट्याचा भाग बंद ठेवला. त्या बघत होत्या ते आम्हाला समोरच्या पडद्यावर दिसत होतं. फड, ऊन, आणि दहा पावलांवर ऊस तोडणारा एक माणूस.

“ह्यो कोन?”

“तेच, मावशी. भागवत काका.”

“हे तोंड कुनाचं?”

चेहरा विकत घेतलेला होता. ओंकारने ते समजावून सांगितलं. चेहरा, कपडे, रंग बाहेरचे. अंगाची हालचाल मात्र पूर्ण त्यांची आहे.

पडद्यावरचा माणूस वाकला, तोडत पुढे सरकला. बुडाशी एक घाव, वरचं वाढं छाटायला एक, मग ऊस बाजूला टाकायचा. थोड्या वेळाने अलकाबाई म्हणाल्या, “व्हय. हात त्यांचाच हाय. खांदा बी.” त्या अर्धा पाऊल पुढे गेल्या. मग म्हणाल्या, “बघत का न्हाईत पर?”

“काय बघत नाहीत?”

“तोडताना. मान वर करून बघत का न्हाईत? दोन दीस तिथं बघतच हुते की.”

ओंकारने भागवत यांच्या नोंदीबरोबरचं टिपण उघडलं. त्याचंच होतं. त्यात लिहिलं होतं : कपाळावरची गोळी सैल असावी. दर पाच-सहा घावांनंतर मान डावीकडे वळते. कारण दिसत नाही. सर्व ठिकाणी दुरुस्त केलं.

त्याने ते मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर तो म्हणाला, “नोंदीत तिकडे काहीच नव्हतं ना. मोकळी जागा होती.”

“डावीकडं मी हुते,” अलकाबाई म्हणाल्या.

त्यांनी हेडसेट काढला नाही. तसंच उभं राहून सांगितलं. फडात नवरा पुढे तोडत जातो, बायको मागे मोळ्या बांधते. मधे ऊस असतो, दिसत नाही. श्रीरामपूरच्या बाजूला बिबट्याची मादी पिलं घेऊन उसातच राहते. म्हणून पाच-सहा घाव झाले की भागवत मान वळवून बघायचे. दिसलं नाही तर थांबायचे. आपण आवाज दिला की पुन्हा तोडायला लागायचे. लग्न झाल्यापासून अकरा हंगाम असंच. पाइप होते तरी सवयीने तेच केलं.

ओंकारने विचारलं, “मावशी, थांबता का तासभर?”

दुरुस्त करण्याआधीची कच्ची नोंद एका डिस्कवर होती. ती सोमवारी सीलबंद होऊन जाणार होती. ती हेडसेटमध्ये चालवायला तासाऐवजी दोन तास लागले. खालच्या वर्गाला सुट्टी झाली, मुलं जिन्यातून ओरडत गेली. नवनाथने दोनदा चहा मागवला. अलकाबाईंनी घेतला नाही.

कच्च्या नोंदीत माणूस नसतो. काळोख असतो आणि त्यात पांढरे ठिपके, प्रत्येक गोळीचा एक. भागवत यांचे एकेचाळीस होते, कोयत्यावरचा धरून. चेहरा नाही, पाइप नाहीत, आवाज नाही. ओंकारने अलकाबाईंना खोलीच्या मधोमध उभं केलं आणि नोंद सुरू केली.

ठिपके चालत आले. पडद्यावर मला नुसते ठिपके दिसत होते. अलकाबाईंनी तोंडावर हात ठेवला. “चालले बघा,” त्या म्हणाल्या. “डाव्या पायावर भार टाकून. बघा.”

ठिपके वाकले. घाव सुरू झाले. पाचव्या घावानंतर वरचे चार ठिपके डावीकडे वळले आणि थांबले. तिकडे काळोख होता.

अलकाबाई हेडसेट न काढता, हात पुढे धरून, पाय घासत सरकत गेल्या. टेबलाचा कोपरा मी बाजूला केला. ठिपक्यांच्या डाव्या अंगाला, दोन-तीन हात सोडून त्या उभ्या राहिल्या. चार ठिपके पुन्हा खाली गेले. सहा घाव झाले. ठिपके वर आले, वळले, आणि या वेळी त्यांच्याकडे तोंड करून थांबले.

“हाय, हाय,” अलकाबाई म्हणाल्या. “तोडा.”

ठिपके खाली गेले.

नोंद अकरा मिनिटांची होती. प्रत्येक वेळी त्यांनी तेच उत्तर दिलं, त्याच आवाजात, मोळी बांधताना देतात तसं. नवनाथ मधेच उठून जिन्यात गेला. ओंकार स्क्रीनकडे बघत होता. शेवटी ठिपके सरळ उभे राहिले, दोन पावलं डावीकडे चालले आणि नोंद तिथे संपली.

अलकाबाईंनी हेडसेट काढून ओंकारच्या हातात दिला. “हे द्या मला,” त्या म्हणाल्या. “त्यो खेळ र्‍हाऊ द्या. हे ठिपके द्या. पोरीला दावायचं हाय.”

ओंकार म्हणाला, देता येणार नाही. नोंद खरेदीदाराची आहे.

नवनाथ दारात आला. “अरं पर तुमचं काय जातंय? तुमी तर ते पुसूनच टाकलं हुतं.”

“भाऊ, माझं काही जात नाही. माझं त्यात काही नाहीच.” त्याने फाइलमधून कागद काढून पुढे केला. “काकांची सही आहे. सगळ्या हालचाली, कायमच्या, सगळ्या जगात वापरायला.”

अलकाबाईंनी कागद बघितला. त्यांना वाचता येतं, सावकाश. सहीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “सही त्यांची हाय. पर बघत तर माझ्याकडं हुते ना? माझी सही कुठंय?”

ओंकारने बाहेर जाऊन मालकांना फोन लावला. मालक पुण्यात होते. पाच मिनिटांनी तो परत आला आणि म्हणाला, अर्ज द्या, खरेदीदाराकडे पाठवतो. अर्ज त्यानेच टाइप केला. मृत पतीच्या अकरा मिनिटांच्या नोंदीची प्रत मिळावी, मुलीला दाखवण्यासाठी, अन्य उपयोग करणार नाही. अलकाबाईंनी सही केली. दाराशी नवनाथने डब्यातून दोन्ही मोबाईल घेतले. घरी पोचल्यावर परीने विचारलं, दिसले का? अलकाबाई म्हणाल्या, दिसले. कशात दिसले, हे त्यांनी सांगितलं नाही.

परतल्यावर

अर्ज त्याच आठवड्यात खरेदीदाराला गेला. मेलची प्रत ओंकारने मला पाठवली. डिस्क ठरल्याप्रमाणे सोमवारी गेली. ऑक्टोबरात मी स्टुडिओला दोनदा विचारलं. उत्तर आलेलं नाही, असं सांगण्यात आलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खरेदीदाराचं उत्तर आलं. इंग्रजीत होतं, चार ओळींचं. गेममधल्या सर्व कामगारांच्या हालचाली आता सॉफ्टवेअर तयार करतं. ते शिकवण्यासाठी मूळ नोंदी वापरण्यात आल्या आणि काम संपल्यावर करारानुसार नष्ट करण्यात आल्या. एकाही नोंदीची प्रत ठेवलेली नाही. अर्जदाराच्या दुःखात कंपनी सहभागी आहे.

मी स्टुडिओला विचारलं, डिस्कची प्रत तुमच्याकडे आहे का. मालकांनी लेखी कळवलं, नाही. ओंकारला वेगळं विचारलं. तोही नाही म्हणाला.

अलकाबाई तेव्हा भावाबरोबर तोडीवर होत्या. त्यांच्याकडे मोबाईल नाही. मी उत्तराचा मराठी मजकूर नवनाथला फोनवर सांगितला. त्याने तो दुसऱ्या दिवशी सकाळी फडात जाऊन त्यांना सांगितला. त्या मोळी बांधत होत्या, आणि ऐकून झाल्यावर त्यांनी ती बांधून पूर्ण केली, असं नवनाथने मला कळवलं.